उशिरा आलेल्यांसाठी: वेताळ रोज तीन चौकटी कसा वाचायचा

मध्यंतरी भाच्याने विचारलं, "आत्या, तो जांभळ्या कपड्यांतला मुखवटेवाला, तुमचा वेताळ, तो अजून चालू आहे का गं?" मी म्हटलं अरे चालू आहे म्हणजे काय, आज सकाळीच वाचलाय. तर तो म्हणे मग मला पण वाचायचंय, कुठून सुरू करू? आणि मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की हे एका वाक्यात सांगता येणार नाही. त्याच्यासाठी लिहायला बसले ते एवढं वाढलं, म्हणून आता सगळ्यांसाठीच.

आधी हे डोक्यात घ्या की आपण ज्याला वेताळ म्हणून ओळखतो तो मुळात पुस्तकातला नाहीच, तो पेपरातला. अमेरिकेत ली फॉक नावाच्या लेखकाने 17 फेब्रुवारी 1936 ला, सोमवारी, 'द फँटम' ही रोजची चित्रपट्टी सुरू केली. त्याच्या दोन वर्षं आधी त्यानेच मँड्रेक जादूगार काढला होता. फॉक 1999 साली गेला, तोपर्यंत म्हणजे 63 वर्षं तो वेताळ लिहीत होता. त्याच्यानंतर टोनी डीपॉल लिहायला लागला. आपल्याकडे टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी मार्च 1964 मधे इंद्रजाल कॉमिक्स काढलं, साठ पैशाला अंक, त्यात या पेपरातल्या पट्ट्याच कापून, जोडून, पानात बसवून छापलेल्या असायच्या. माझं सगळं बालपण कोल्हापुरात गल्लीतल्या लायब्ररीचे ते बाइंडिंग केलेले, कडा कुरतडलेले अंक वाचण्यात गेलं आणि तेव्हा कुणी सांगितलं असतं की ही गोष्ट मुळात रोज तीन चौकटी अशी सहा महिने चालली होती तर मी हसले असते.

तर पहिली चूक सगळे हीच करतात, की 1936 पासून सुरू करू म्हणतात. नका करू. हिशोब करा, रविवार सोडून आठवड्याला सहा पट्ट्या, वर्षाला तीनशेच्या वर, जवळजवळ नव्वद वर्षं, म्हणजे अठ्ठावीस हजारांच्या आसपास नुसत्या रोजच्या पट्ट्या. रोज दहा वाचल्या तरी साडेसात वर्षं. आणि सुरुवातीची गोष्ट तशी अडखळतच चालते, कारण फॉकचा बेत आधी वेगळा होता. जिमी वेल्स नावाचा एक श्रीमंत आळशी तरुण हाच रात्री मुखवटा घालून फिरणारा फँटम निघणार होता म्हणे, आणि मग मधेच त्याने तो बेत सोडून नायकाला जंगलात नेलं, आणि तो बिचारा जिमी तसाच लटकत राहिला. हे वाचायला मजा येते पण नंतर, आधी नाही.

सुरुवात कुठून करायची तर आत्ता जी गोष्ट चालू आहे तिथून. किंग फीचर्स सिंडिकेट ही ज्यांची पट्टी आहे त्यांची कॉमिक्स किंगडम नावाची साइट आहे तिथे रोज नवी येते, जुनं सगळं उघडायचं तर वर्गणी भरावी लागते. मधूनच सुरू केलं की पहिले आठ-दहा दिवस काही कळणार नाही. कोण हा, ही बाई कोण, ते लांडग्यासारखं कुत्रं का काय (लांडगाच आहे, डेव्हिल नाव त्याचं, त्याला कुत्रा म्हटलं की जाणकार चिडतात). घाबरू नका. या पट्टीत एक फार जुनी पद्धत आहे, अधूनमधून एक चौकट येते आणि तिची सुरुवात असते "जे उशिरा आले त्यांच्यासाठी" अशा अर्थाने, आणि मग चारशे-पाचशे वर्षांचा इतिहास दोन ओळींत. 1536 मधे सिंग चाच्यांनी जहाज लुटलं, एकटा वाचलेला मुलगा किनाऱ्याला लागला, बंदार नावाच्या बुटक्या लोकांनी त्याला जगवलं, त्याने बापाच्या खुन्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतली की चाचेगिरी, हाव, क्रौर्य, अन्याय यांच्याशी लढेन आणि माझी मुलं आणि त्यांची मुलं पण लढतील. बाप मेला की मुलगा तोच पोशाख चढवतो, म्हणून लोकांना वाटतं हा मरतच नाही. आपण वाचतो तो एकविसावा. बास, एवढ्यावर तुम्ही कुठल्याही गोष्टीत शिरू शकता.

इथे एक गोष्ट सांगायची राहू नये. त्याला इंग्रजीत चालणारं भूत म्हणतात, आणि मराठीत नाव दिलं वेताळ. ज्याने कुणी हे नाव सुचवलं त्याला दंडवत. कारण गोव्यात आणि कोकणात वेताळ म्हणजे गावचा राखणदार, रात्री गावाभोवती फेरी मारतो, फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात म्हणून लोक त्याला नवीन वहाणा वाहतात. म्हणजे चालणारं भूतच की. लहानपणी आजी म्हणायची वेताळाचं नाव तिन्हीसांजेला घेऊ नये आणि मी तिन्हीसांजेलाच अंक घेऊन बसायचे, तिला वाटायचं पोरगी वाया गेली.

आता महत्त्वाचं. रोजची पट्टी आणि रविवारची पट्टी या दोन वेगळ्या गोष्टी असतात. रविवारची 28 मे 1939 ला सुरू झाली, ती रंगीत, मोठी, आणि तिची गोष्ट आपली आपली चालते, आठवड्याला एकच हप्ता. सोमवार ते शनिवार वेताळ एका गावात मार खातोय आणि रविवारी घरी कवटीगुहेत मुलांशी गप्पा मारतोय असं दिसलं तर चक्रावून जाऊ नका. माझा मावसभाऊ चार महिने दोन्ही एकत्र वाचत होता आणि रोज आमच्या वेताळ वाचणाऱ्यांच्या ग्रुपवर विचारायचा की अरे हा गेला कसा इतक्या लवकर. शेवटी दादाने त्याला फोन करून सांगितलं. सुरुवातीला एकच धरा, मी म्हणेन रोजची.

आणि रविवारची वाचताना वरच्या ओळीतल्या चौकटींवर फार विसंबू नका. अमेरिकेतल्या पेपरांना रविवारची पट्टी जागेप्रमाणे लहानमोठी करून छापायची असते, म्हणून वरच्या एक-दोन चौकटी अशा रचतात की काढून टाकल्या तरी गोष्ट अडत नाही. तिथे बहुतेक मागचंच उगाळलेलं असतं नाहीतर नुसतं जंगलाचं चित्र. पण कधीकधी चित्रकार तिथे जीव ओततो, कारण तेवढीच एक जागा असते जिथे गोष्टीचं ओझं नसतं, त्यामुळे बघा जरूर, फक्त काही चुकलं असं समजू नका.

वाचायचं कसं हा खरा प्रश्न आहे आणि इथे माझं मत ठाम आहे: रोजचं रोज. साठवून नाही. मी हे चुकून शिकले. 2009 साली डायनाच्या मृत्यूची म्हणून एक गोष्ट सुरू झाली, डायना म्हणजे वेताळाची बायको, ती जवळजवळ दोन वर्षं चालली. दादा न्यू जर्सीत बसून ती रोज वाचत होता आणि मी नंतर एकदम दोन रात्रीत संपवली. आणि दादाला म्हटलं काय रे किती पाणी घातलंय, एकच गोष्ट चार चार वेळा सांगतात. तो इतका वैतागला माझ्यावर. म्हणाला तू आठवडाभराचं जेवण एका ताटात कालवून खाल्लंस आणि वर म्हणतेस चव लागली नाही. खरंच होतं त्याचं. पहिल्या चौकटीत कालचं थोडं परत सांगतात ते काल ज्याच्याकडे पेपर आला नाही त्याच्यासाठी असतं, सलग वाचणाऱ्याला ते पाणीच वाटणार. आणि वेताळ समजतोय बायको मेली, ती मात्र तिकडे ग्रेव्हलाइन्सच्या तुरुंगात जिवंत, हे ओझं महिनोन्‌महिने घेऊन दादा ऑफिसला जात होता, मी ते दोन रात्रीत उतरवून मोकळी झाले. (हो, सांगून टाकलं. पंधरा वर्षं झाली, आता काय लपवायचं.)

तर रोजची एक. तीन चौकटी, कधी दोन. मी आधी बोलण्याचे फुगे न वाचता नुसती चित्रं बघते, अर्धा मिनिट. कोण कुठे उभंय, कोण कुणाकडे बघतंय, रात्र आहे का दिवस. मग वाचते. हे उलटं केलं की डोळे फुग्यावरून फुग्यावर उड्या मारतात आणि चित्र बघायचं राहूनच जातं, आणि या पट्टीत बऱ्याचदा खरी बातमी चित्रात असते, मागे दारात कुणीतरी उभं असतं त्याचा फुग्यात पत्ताच नसतो.

मग चौकटीच्या कडेला बारीक अक्षरं बघायची सवय लावा. तिथे तारीख असते आणि ती अमेरिकन पद्धतीने, महिना आधी. 3/7 म्हणजे 7 मार्च, 3 जुलै नाही. जुनी कात्रणं लावताना ही चूक झाली की अख्खी गोष्ट उलटीपालटी होते, माझी झालीय. आणि हो, तिकडची तारीख बदलते तेव्हा पूर्व किनाऱ्याच्या हिशोबाने आपल्याकडे सकाळचे साडेनऊ, थंडीत साडेदहा झालेले असतात. म्हणजे आपल्या पहाटे उठून फोन बघितला आणि नवीन दिसलं नाही तर बंद पडलं म्हणून बोंब मारू नका, तिकडे अजून कालच आहे.

एक वही ठेवा. हसू नका. जुनी डायरी चालेल. मी रोज एक ओळ लिहिते, तारीख, कुठे, कोण, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुणाला काय माहितीय. वेताळाच्या गोष्टी निम्म्या तर यावरच चालतात. जंगल पेट्रोल म्हणजे जंगलात गस्त घालणारं दल, त्याच्या जवानांना आपला कमांडर कोण ते माहीत नाही, तो वेताळच असतो. त्यांच्या कर्नल वोरुबूला हुकूम येतात पण चेहरा दिसत नाही. शहरात तो कोट टोपी गॉगल घालून वॉकर नावाने फिरतो. त्याची मुलगी हेलोइज न्यूयॉर्कला शाळेत गेली तेव्हा तिच्या खोलीतली मैत्रीण काडिया, आपला बाप खरा कोण हे आधी त्या काडियालाच माहीत नव्हतं. अशा वेळी वहीत लिहिलेलं असलं की चार महिन्यांनी भांडण झालं तर पान उघडून दाखवता येतं, आणि भांडण होतंच.

वेळेचा एक वेगळाच हिशोब इथे असतो तो सवयीने येतो. आठवड्याला सहा पट्ट्या गुणिले तीन म्हणजे अठरा चौकटी. सहा महिन्यांची गोष्ट म्हणजे साडेचारशेच्या वर चौकटी, ऐकायला खूप वाटतं पण त्यात एका रात्रीचा पाठलाग तीन आठवडे चालतो. पाच मिनिटांचं बोलणं पंधरा दिवस. म्हणून "अजून त्याच खोलीत आहेत" ही तक्रार आमच्या ग्रुपवर बंद केलीय, जो करेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. त्यातल्या त्यात मावसभाऊ सगळ्यात जास्त चहा पाजतो.

वयाचा हिशोब तर करूच नका. डायना 1936 च्या पहिल्याच गोष्टीत भेटली, लग्न झालं डिसेंबर 1977 मधे, म्हणजे एक्केचाळीस वर्षं प्रेमप्रकरण. लग्नाला मँड्रेक पण आला होता. मग किट आणि हेलोइज ही जुळी झाली, ती अजून वीसची पण झाली नाहीत. अमेरिकेतच गॅसोलीन अ‍ॅली नावाची 1918 पासूनची एक पट्टी आहे तिच्यात उलट, 14 फेब्रुवारी 1921 ला दारात सापडलेलं बाळ वाचकांबरोबर खरंखुरं मोठं झालं, लढाईवर गेलं, संसाराला लागलं. आपला चिंटू बघा, चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांनी 1991 ला सकाळमधे आणला, तेव्हा त्याच्या वयाचे असलेले आता त्यांच्या पोरांना शाळेत सोडायला जातात आणि चिंटू शाळेतच. वेताळ या दोघांच्या मधे कुठेतरी. लग्न होतं, पोरं होतात, पण केस पांढरे होत नाहीत. हे गृहीत धरायचं आणि पुढे जायचं, यावर वाद घालणारा नवखा समजावा.

चित्रकार ओळखायला शिका, यात सगळ्यात जास्त मजा आहे आणि फार अवघड पण नाही. पहिला रे मूर. त्याची चित्रं अंधारी, बारीक बारीक रेघांची, सगळीकडे सावल्या, वेताळ सडपातळ आणि जरा भीती वाटेल असा. 1940 च्या दशकात त्याच्याच हाताखालचा विल्सन मॅकॉय आला, त्याची माणसं साधी, थोडी ताठर, लाकडी बाहुल्यांसारखी, बरेच जण नाक मुरडतात पण मला आवडतो मॅकॉय, त्याच्या जंगलात एक भाबडेपणा आहे जो नंतर कुणालाच जमला नाही. 1961 ला मॅकॉय गेला आणि थोड्याच दिवसांत साय बॅरी आला तो 1994 पर्यंत. इंद्रजाल वाचून मोठे झालेल्यांच्या डोळ्यासमोर जो वेताळ उभा राहतो, रुंद छातीचा, नीट हनुवटीचा, तो बहुतेक बॅरीचा. पुढे 2005 पासून रोजच्या पट्टीवर पॉल रायन, मार्व्हलमधे काम केलेला माणूस, त्यामुळे स्वच्छ रेघा आणि हाणामारी अगदी झकास, 2016 ला तो अचानक गेला आणि माइक मॅनलीने काम हातात घेतलं. रविवारची पट्टी 2017 पासून जेफ वायगलकडे आली.

ओळखायची युक्ती सांगते. चेहरा बघू नका, मुखवट्यामुळे चेहरे सारखेच दिसतात. झाडं बघा आणि हात बघा. मूरच्या झाडांतून काहीतरी डोकावेल असं वाटतं, मॅकॉयची झाडं नाटकाच्या पडद्यावर रंगवल्यासारखी, बॅरीची झाडं झाडांसारखी. आणि हातांत अंगठ्या असतात. उजव्या हातात कवटीची, ज्याच्या जबड्यावर ठोसा बसला त्याच्यावर ती खूण कायमची उमटते. डाव्या हातात शुभचिन्हाची, ती ज्याला दिली त्याला वेताळाचं संरक्षण, आणि डावा का तर तो काळजाच्या बाजूचा. आता एखाद्या छापील अंकात कवटी डाव्या हातात दिसली तर दोन शक्यता, एक म्हणजे चित्रकार चुकला, दुसरी म्हणजे छापताना चित्र आरशासारखं उलटं गेलं. कुठली ते कसं ओळखायचं? पिस्तुलं आणि कपड्यांची बटणं कुठल्या बाजूला आहेत ते बघा, सगळंच उलटं असेल तर छापखान्याची करामत. ही युक्ती दादाची आहे, त्याने मला सांगताना जणू खजिन्याची किल्ली देतोय असा चेहरा केला होता.

पोशाखाच्या रंगावरून पण बरेच वाद होतात तर ते एकदाचं मिटवा. फॉकच्या डोक्यात राखाडी रंग होता. रोजची पट्टी काळीपांढरी, त्यामुळे तीन वर्षं प्रश्नच आला नाही, मग 1939 ला रविवारची रंगीत निघाली तेव्हा तिथे पोशाख जांभळा छापला गेला आणि तोच राहिला. स्वीडनमधे निळा, इटलीत लाल. आपल्या इंद्रजालमधे सुरुवातीला निळा होता मग जांभळा झाला. म्हणून कुणी म्हणालं "आमच्या लहानपणी निळा होता" तर त्याला वेड्यात काढू नका, त्याच्याकडे जुने अंक असतील, त्याच्याशी गोड बोला.

आता ज्यांच्या घरी इंद्रजालचे अंक माळ्यावर आहेत त्यांच्यासाठी वेगळं. ते वाचताना लक्षात ठेवा की तुमच्या हातात कापलेलं, बदललेलं रूप आहे. पानात बसवायला चौकटी गाळल्या, कडा छाटल्या, काही ठिकाणी दोन चौकटींची एक केली. गोष्ट एकदम उडी मारते असं वाटलं तर तिथे काहीतरी गेलंय. नावं पण बदलली. मूळ पट्टीत वेताळाचा देश सुरुवातीला बंगाल, मग बंगाला असा काहीसा होता, आणि चाचे सिंग. हे भारतात कसं छापणार? म्हणून देशाचं डेंकाली झालं आणि सिंगचं सिंगा. हे कळलं तेव्हा लहानपणापासूनचं माझं एक कोडं सुटलं, की आफ्रिकेच्या जंगलात वाघ कुठून आले. कारण मुळात ते जंगल आपल्याच बाजूचं होतं, आशियातलं, हळूहळू सरकत सरकत आफ्रिकेत गेलं आणि वाघ मागे सोडायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. दहा वाघांचं बळ असलेला नायक म्हटल्यावर वाघ काढणार तरी कसे.

इंद्रजाल 1990 ला बंद पडलं, एकूण 803 अंक निघाले. रद्दीच्या दुकानात मिळाले तर घ्या पण आधी मधली पानं मोजा, पिना गंजून मधलं पान सुटलेलं असतं आणि नेमकं तेच नसतं. भाव विचारताना हावरट चेहरा करायचा नाही, हे रद्दीवाल्यांना लांबून कळतं.

चर्चा करताना अजून एक घोळ कायम होतो तो म्हणजे वेगवेगळे वेताळ एकत्र करणं. पेपरातली पट्टी एक. स्वीडनमधे 1950 पासून फँटोमेन नावाचं नियतकालिक निघतं, त्यांनी स्वतःच्या कितीतरी गोष्टी लिहून घेतल्या, त्या पट्टीत कधी आल्याच नाहीत. ऑस्ट्रेलियात फ्रू नावाची कंपनी 1948 पासून वेताळाचे अंक काढते, त्यात दोन्हीकडचं असतं. वर 1996 चा सिनेमा. आता एक जण सिनेमातलं सांगतोय, दुसरा स्वीडनमधलं, तिसरा पट्टीतलं, आणि तिघंही म्हणतात माझंच खरं. तुम्ही वाद सुरू करायच्या आधी फक्त एवढं विचारा, तू हे कुठे वाचलंस? अर्धे वाद तिथेच आटपतात.

आणि एक विषय टाळू नका. गोरा माणूस, आफ्रिकेचं जंगल, सिंहासन कवटीचं, भोवती काळे लोक हात जोडून. भाच्याने पहिल्या आठवड्यातच विचारलं की आत्या हे बरं नाही वाटत. बरोबर आहे त्याचं, आणि त्याला "तो काळच तसा होता" म्हणून गप्प करायचं नसतं. जुन्या पट्ट्यांत बंदारांना जसं काढलंय ते आज बघवत नाही. पण त्याचबरोबर हे पण बघायचं की फॉक स्वतः बदलत गेला, पुढे देश स्वतंत्र दाखवला, लामांडा लुआगा नावाचा डॉक्टर लोकांनी निवडून दिलेला अध्यक्ष झाला, जंगल पेट्रोलचा प्रमुख गोऱ्या कर्नल वीक्सच्या जागी वोरुबू आला. डीपॉलच्या गोष्टींत बंदारांचा प्रमुख गुरान हा नुसता हो ला हो करणारा सेवक नाही, मित्र आहे, वेताळाला चार शब्द सुनावतो. तरी मूळ ढाचा तोच आहे. दोन्ही एकाच वेळी खरं आहे, आणि ग्रुपवर यावर जितकं चांगलं बोलणं झालं तितकं कवटीच्या अंगठीवर पण झालं नाही. नवख्याला वाचायला देताना त्याला हे आधीच सांगा, म्हणजे त्याला वाटणार नाही की आपल्याला हे दिसलंच नाही.

अंदाज बांधायची पण एक रीत आहे. अलीकडे मोझ नावाच्या म्हाताऱ्याने भविष्य सांगितलं ती गोष्ट चालली होती, वेताळाने अमुक केलं तर काय काय होईल, आणि महिनोन्‌महिने आपण जे बघतोय ते घडलेलंच नाही, फक्त घडू शकेल असं. त्यात वेताळाचा शेवट पण. निम्मे लोक धाय मोकलून रडले. म्हणून चौकटीच्या वर निवेदनाची जी पट्टी असते ती कुणाच्या तोंडची आहे हे आधी ठरवा. निवेदक सांगतोय, की पात्र सांगतंय, की जंगलातली जुनी म्हण आहे? जुनी म्हण असेल तर ती वेताळाची कीर्ती आहे, त्यात थोडं मीठमसाला धरायचाच. पात्र सांगत असेल तर ते खोटं बोलू शकतं. माझी वहीत खूण असते, निवेदकाला गोल, पात्राला चौकोन. दादा म्हणतो एवढा अभ्यास दहावीला केला असतास तर.

लहान मुलाला दाखवायचं असेल तर फोनवर नको, प्रिंट काढा, आठवड्याच्या सहा पट्ट्या एका कागदावर येतात, आणि रोज एकच कापून फ्रिजवर लावा. पुढची मागितली तरी द्यायची नाही. शेजारच्या घरी मी हे केलं, चौथ्या दिवशी ते पोरगं सकाळी सातला बेल वाजवून उभं, आजची लावली का?

भाचा सध्या बाराव्या दिवसावर आहे. काल त्याचा मेसेज आला, आत्या तो बारमधे जाऊन दूध का मागतो, आणि लगेच दुसरा, सांगू नको, बघतो मीच.